टेरी फॉक्स : १४३ दिवसांची आशेची दौड

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड बेटावर सेंट जॉन्स हे बंदर आहे. १२ एप्रिल १९८० रोजी तेथील किनाऱ्यावर एका २१ वर्षांच्या तरुणाने आपला उजवा, कृत्रिम पाय अटलांटिक महासागराच्या पाण्यात बुडवला. दोन बाटल्यांत त्याने समुद्राचे पाणी भरून घेतले. एक बाटली आठवण म्हणून जवळ ठेवायची आणि दुसरी देशाच्या पश्चिम टोकाला, व्हिक्टोरिया येथे पोहोचल्यावर प्रशांत महासागरात रिती करायची, असा त्याचा बेत होता. मधले सुमारे ८ हजार किलोमीटरचे अंतर तो धावत कापणार होता. रोज एक मॅरेथॉन, म्हणजे सुमारे ४२ किलोमीटर. या दौडीतून कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसा उभा करायचा, एवढाच त्याचा उद्देश होता.

त्या तरुणाचे नाव टेरी फॉक्स. दुसरी बाटली प्रशांत महासागरापर्यंत पोहोचली नाही. मात्र त्याने सुरू केलेली दौड चार दशकांनंतरही थांबलेली नाही.

टेरन्स स्टॅनली फॉक्सचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी मॅनिटोबा प्रांतातील विनिपेग येथे झाला. वडील रॉली फॉक्स रेल्वेत नोकरीला होते. आई बेटी, थोरला भाऊ फ्रेड, धाकटा भाऊ डॅरेल आणि बहीण ज्युडिथ असा त्याचा परिवार होता. १९६६ मध्ये हे कुटुंब ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आले आणि दोन वर्षांनी व्हँकुव्हरजवळच्या पोर्ट कोक्विटलम या गावी स्थायिक झाले.

लहानपणापासून टेरीला बास्केटबॉलचे वेड होते. उंचीने मात्र तो बेताचाच होता. आठवीत असताना शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी त्याला बास्केटबॉलऐवजी लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळण्याचा सल्ला दिला. धावण्याची त्याला फारशी आवड नव्हती; तरीही शिक्षकांचा मान राखून तो धावू लागला आणि बास्केटबॉलही त्याने सोडला नाही. १९ खेळाडूंच्या संघात तो एकोणिसावा होता आणि त्या संपूर्ण हंगामात त्याला जेमतेम एक मिनिट मैदानावर उतरता आले. पुढील काही वर्षांत मात्र सरावाच्या बळावर तो संघातील प्रमुख खेळाडू झाला. बारावीत सर्वोत्तम क्रीडापटूचा शालेय पुरस्कार त्याला आणि त्याचा जिवलग मित्र डग अल्वर्ड याला विभागून देण्यात आला. हाच डग पुढे आशेच्या दौडीत त्याचा सोबती होणार होता.

शालेय शिक्षण संपल्यानंतर टेरीने सायमन फ्रेझर विद्यापीठात शरीराच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राचे शिक्षण घेण्यास सुरुवात केली. क्रीडाशिक्षक होण्याचा त्याचा विचार होता. नोव्हेंबर १९७६ मध्ये घरी परतत असताना त्याची मोटार पुढच्या वाहनावर आदळली. उजव्या गुडघ्याला थोडी इजा झाली, एवढेच त्या वेळी जाणवले. पुढे गुडघा दुखत राहिला, पण बास्केटबॉलचा हंगाम बुडू नये म्हणून त्याने ते दुखणे अंगावर काढले. मार्च १९७७ मध्ये वेदना असह्य झाल्या, तेव्हा तो रुग्णालयात गेला. निदान झाले ते हाडांच्या कर्करोगाचे. ऑस्टिओसार्कोमा या नावाने ओळखला जाणारा हा रोग बहुधा कोवळ्या वयातच गाठतो आणि गुडघ्याच्या आसपास त्याचे प्रमाण अधिक असते. अपघातामुळेच गुडघा दुर्बळ झाला आणि रोग जडला, अशी टेरीची समजूत होती. डॉक्टरांच्या मते मात्र अपघाताचा आणि रोगाचा काहीही संबंध नव्हता.

पाय कापण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. त्याचबरोबर डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट त्याला सांगितली. नव्या औषधोपचारांमुळे आता वाचण्याची शक्यता निम्मी होती. दोनच वर्षांपूर्वी हा रोग झाला असता तर हीच शक्यता शेकडा १५ एवढी राहिली असती. या दोन आकड्यांमधील अंतर टेरीच्या मनात घर करून राहिले. हा फरक नशिबाने घडवलेला नव्हता. तो प्रयोगशाळांमध्ये झालेल्या कामाचा परिणाम होता आणि त्या कामाला पैसा लागतो, हे १८ वर्षांच्या त्या मुलाने ओळखले.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या शाळेतील बास्केटबॉल प्रशिक्षकांनी त्याला धावण्याविषयीचे एक नियतकालिक आणून दिले. त्यात डिक ट्राउम या अमेरिकी धावपटूची हकीकत होती. गुडघ्याच्या वर पाय कापलेल्या ट्राउम यांनी १९७६ मध्ये न्यूयॉर्कची मॅरेथॉन पूर्ण केली होती. दुसऱ्या दिवशी टेरीचा उजवा पाय गुडघ्याच्या वर सुमारे १५ सेंटिमीटरवर कापण्यात आला. तीन आठवड्यांच्या आत तो कृत्रिम पायावर चालू लागला.

त्यानंतर १६ महिने केमोथेरपीचे उपचार चालले. औषधांनी त्याचे केस गळले, अंगातील शक्ती गेली. या उपचारांसाठी कर्करोग केंद्रात जावे लागे आणि तेथे जे दृश्य त्याने पाहिले ते स्वतःच्या दुखण्याहून अधिक जिव्हारी लागले. त्याच्याच वयाची, त्याच्याहून लहान मुले वेदनांनी तळमळत होती. काहींना डॉक्टर आता उपाय उरला नाही असे सांगत होते. पुढच्या खेपेला त्यांतील काही चेहरे दिसत नसत. आपण यातून बाहेर पडत आहोत आणि हे सारे मागे राहणार आहेत, या जाणिवेने तो अस्वस्थ झाला. वाचलेल्या माणसावर मागे राहिलेल्यांचे ऋण असते, अशी त्याची धारणा झाली.

उपचार सुरू असतानाच व्हीलचेअरवरील बास्केटबॉलच्या संघात खेळण्याचे निमंत्रण त्याला रिक हॅन्सन यांनी दिले. टेरीने त्यातही झोकून दिले. चाके ढकलून हाताची कातडी सोलवटून निघे, तरी तो सराव थांबवीत नसे. व्हँकुव्हरच्या संघातून खेळताना राष्ट्रीय विजेतेपदात त्याचा वाटा होता.

१९७९ च्या प्रारंभी त्याने धावण्याचा सराव सुरू केला. आपल्याकडे कोणी पाहू नये म्हणून आरंभी तो अंधारात धावत असे. त्या काळातील कृत्रिम पाय चालण्यासाठी बनवलेला असे. धावण्याचा भार सोसण्याची त्याची रचना नव्हती. पाऊल टाकल्यानंतर तो पाय पुन्हा पुढे येण्यास वेळ लागे. त्यामुळे टेरीला धडधाकट डाव्या पायावर एक जादा उडी घेऊन तोल सांभाळावा लागे. दोन ठोके डाव्या पायाचे आणि एक उजव्याचा, अशी त्याची ती लंगडी लय पुढे सबंध कॅनडाच्या ओळखीची झाली. मांडीच्या उरलेल्या भागावर कृत्रिम पाय घासला जाऊन फोड येत, रक्त वाही. तरीही एका टप्प्यावर तो सलग १०१ दिवस धावला. नाताळच्या दिवशी त्याने सुट्टी घेतली, तीही आईने गळ घातली म्हणून.

सप्टेंबर १९७९ मध्ये प्रिन्स जॉर्ज या गावी झालेल्या २७ किलोमीटरच्या शर्यतीत तो सर्वांत शेवटी आला. त्याच्या पुढचा स्पर्धक १० मिनिटे आधीच पोहोचला होता. पण शर्यत पूर्ण झाली होती आणि ते त्याला पुरेसे होते. त्यानंतर त्याने आपला खरा बेत घरच्यांना सांगितला. आईने तो वेडेपणा ठरवला. एवढ्या यातनांतून उठलेला मुलगा पुन्हा रस्त्यावर उतरणार, हे तिला मानवणारे नव्हते. वडिलांनी निघणार कधी, एवढेच विचारले. काही दिवसांनी आईही त्याच्या पाठीशी उभी राहिली.

ऑक्टोबर १९७९ मध्ये टेरीने कॅनेडियन कॅन्सर सोसायटीला पत्र पाठवले. संस्थेला त्याच्या बेताविषयी शंका होती. प्रायोजक मिळाले आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आणले तरच पाठिंबा देऊ, असे तिने कळवले. तपासणीत हृदयाचा एक भाग काहीसा वाढलेला आढळला. त्रास जाणवताच थांबण्याच्या बोलीवर त्याला परवानगी मिळाली. फोर्ड कंपनीने राहण्याची सोय असलेली व्हॅन दिली, इम्पीरियल ऑइलने इंधन आणि आदिदासने बूट दिले. मात्र आपल्या मालाची जाहिरात करण्याची अट घालणाऱ्या कंपन्यांना टेरीने नकार दिला. या दौडीतून कोणी नफा मिळवू नये, हा त्याचा दंडक शेवटपर्यंत कायम राहिला.

दौडीचे पहिले दिवस खडतर होते. न्यूफाउंडलंडमध्ये सोसाट्याचा वारा, पाऊस आणि हिमवर्षाव यांनी त्याचे स्वागत केले. अनेक गावांना तो कशासाठी धावतो आहे याची कल्पनाही नव्हती. पोर्ट-ओ-बास्क या बंदरात मात्र चित्र पालटले. सुमारे १० हजार वस्तीच्या त्या गावाने १० हजार डॉलरहून अधिक रक्कम त्याच्या हाती दिली. माणशी एक डॉलर हे प्रमाण टेरीला फार भावले. आरंभी १० लाख डॉलर जमवण्याचा त्याचा मानस होता. वाटेत तो १ कोटीवर गेला आणि अखेरीस प्रत्येक कॅनेडियन नागरिकाकडून एक डॉलर हेच त्याचे लक्ष्य ठरले. त्या वेळी कॅनडाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ४० लाख होती.

डग व्हॅन चालवीत होता आणि स्वयंपाकही तोच करीत होता. अष्टौप्रहर एकत्र राहून, थकवा आणि काळजी यांनी दोघांत खटके उडू लागले. ते इतके वाढले की टेरीचे आईवडील हॅलिफॅक्सला येऊन समेट घडवून गेले. पुढे न्यू ब्रन्सविक प्रांतात धाकटा भाऊ डॅरेल येऊन मिळाला आणि व्हॅनमधील वातावरण निवळले. क्वेबेक प्रांतात फ्रेंच भाषेची अडचण होती. तेथे देणग्या अत्यल्प मिळाल्या आणि भरधाव वाहनांमुळे रस्ताही धोक्याचा ठरला.

रोज पहाटे अंधारातच धावण्यास सुरुवात होई. आदल्या दिवशी जेथे थांबला, नेमक्या त्याच ठिकाणाहून टेरी पुन्हा निघत असे. चार पावलांची सूटही तो घेत नसे. क्वेबेकमधील काही अंतर तो व्हॅनमधून गेला, असे एका वृत्तपत्रीय लेखात सूचित करण्यात आले, तेव्हा तो कमालीचा दुखावला. लोक आपल्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे देतात, तेव्हा प्रत्येक मैल खरा असला पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. अंतराच्या बाबतीत त्याची जी काटेकोर वृत्ती होती, तीच पैशाच्या बाबतीतही होती.

जूनच्या उत्तरार्धात तो माँट्रियलला पोहोचला, तेव्हा एकतृतीयांश अंतर कापून झाले होते आणि २ लाखांहून अधिक डॉलर जमले होते. येथे फोर सीझन्स हॉटेल समूहाचे संस्थापक इसाडोर शार्प यांचे साह्य लाभले. शार्प यांचा तरुण मुलगा काही काळापूर्वी कर्करोगाने गेला होता. त्यांनी प्रत्येक मैलामागे २ डॉलर देण्याचे जाहीर केले आणि आणखी ९९९ कंपन्यांना तसेच आवाहन केले. आपली दौड कोणाच्या खिजगणतीत नाही, असे वाटून खचलेल्या टेरीला या पाठिंब्याने नवी उभारी मिळाली.

ओंटारियो प्रांतात प्रवेश केल्यानंतर दौडीला लोकोत्सवाचे रूप आले. १ जुलै, कॅनडा दिनी राजधानी ओटावा येथे एका फुटबॉल सामन्याचा प्रारंभ त्याच्या हस्ते झाला आणि सारे प्रेक्षागार उभे राहिले. गव्हर्नर जनरल एड श्रायर आणि पंतप्रधान पियर ट्रुडो यांची त्याने भेट घेतली. ११ जुलै रोजी टोरांटोच्या नेथन फिलिप्स चौकात १० हजार लोक जमले. त्या एका दिवसात सुमारे १ लाख डॉलर गोळा झाले. रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसे त्याच्या हातात नोटा आणि नाणी देत, अनेकांच्या डोळ्यांत पाणी असे.

प्रसिद्धीचा ताणही मोठा होता. धावून थकलेल्या टेरीला सभांमध्ये बोलावे लागे, पुढच्या गावासाठी वेळ पाळावी लागे. उन्हाळ्याची काहिली, सुजलेला घोटा, पायावरील जखमा, चक्कर या सर्वांना तोंड देत तो धावत राहिला. वाटेत नियमित वैद्यकीय तपासणी करून घेण्यास त्याने नकार दिला. त्यावरून त्याच्यावर टीका झाली आणि तिच्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. स्वभावाने तो हट्टी होता, प्रसंगी चिडखोरही होता. त्याच्या जवळच्या माणसांनी हे कधी लपवले नाही. ऑगस्टमध्ये ओंटारियोतील टेरेस बे येथे एक १० वर्षांचा मुलगा त्याला भेटला. त्याच रोगाने त्या मुलाचाही पाय गेला होता. सायकलवर बसून तो काही अंतर टेरीच्या मागोमाग आला. संपूर्ण दौडीतील तो दिवस टेरीला सर्वाधिक बळ देणारा वाटला.

१ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराच्या अलीकडे धावताना टेरीला खोकल्याची उबळ आली आणि छातीत कळा येऊ लागल्या. रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. त्यांच्यासमोर थांबणे त्याला जमेना. गर्दी संपेपर्यंत तो धावत राहिला, मग व्हॅनमध्ये चढला आणि डगला रुग्णालयात नेण्यास सांगितले. तपासणीत कर्करोग फुप्फुसांत पसरल्याचे आढळले. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर त्याने कापले होते. दुसऱ्या दिवशी स्ट्रेचरवर पडूनच त्याने पत्रकारांना ही बातमी सांगितली, तेव्हा त्याला अश्रू आवरले नाहीत. शक्य झाल्यास परत येऊन दौड पूर्ण करू, असे त्याने सांगितले. त्याच्या वतीने उरलेले अंतर धावण्याची तयारी काही खेळाडूंनी दाखवली, पण ते आपले आपणच पूर्ण करावे, अशी त्याची इच्छा होती.

तोपर्यंत १७ लाख डॉलर जमले होते. आठवडाभराने सीटीव्ही या दूरचित्रवाहिनीने त्याच्यासाठी पाच तासांचा खास कार्यक्रम सादर केला आणि त्यातून १ कोटी ५ लाख डॉलरचा निधी उभा राहिला. देणग्यांचा ओघ थांबला नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये एकूण निधी २ कोटी ४० लाख डॉलरच्या पुढे गेला. माणशी एक डॉलर हे टेरीचे लक्ष्य त्याच्या हयातीतच साध्य झाले. तत्पूर्वी सप्टेंबर १९८० मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडा या सन्मानाची सर्वोच्च श्रेणी त्याला प्रदान करण्यात आली. हा मान मिळवणारा तोवरचा तो सर्वांत तरुण नागरिक होता.

उपचारांची शिकस्त करण्यात आली. केमोथेरपीच्या अनेक फेऱ्या झाल्या, त्या काळी प्रायोगिक अवस्थेत असलेले इंटरफेरॉनही देण्यात आले. ज्या संशोधनासाठी तो धावला, ते त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचू शकले नाही. २८ जून १९८१ रोजी पहाटे न्यू वेस्टमिन्स्टर येथील रुग्णालयात, कुटुंबीयांच्या सान्निध्यात, टेरीने अखेरचा श्वास घेतला. तेविसावा वाढदिवस बरोबर एक महिन्यावर होता. देशभरातील राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवण्यात आले. पोर्ट कोक्विटलम येथे त्याला मूठमाती देण्यात आली.

दौड थांबली त्याच सुमारास, टेरीच्या नावाने दरवर्षी निधी-दौड घेण्याचा संकल्प इसाडोर शार्प यांनी त्याला कळवला होता. टेरीने मान्यता दिली ती काही अटींवर. या दौडीत स्पर्धा नसावी, विजेते आणि बक्षिसे नसावीत, कोणाच्या मालाची जाहिरात नसावी. चालत, धावत, सायकलवर किंवा चाकाच्या खुर्चीवर, ज्याला जसे जमेल तसे त्याने यावे. १३ सप्टेंबर १९८१ रोजी झालेल्या पहिल्या दौडीत सुमारे ३ लाख लोक सहभागी झाले आणि ३५ लाख डॉलर जमले. पुढे ही प्रथा कॅनडाबाहेर अनेक देशांत रुजली. भारतात मुंबई आणि चेन्नई येथेही टेरीच्या नावाने दौड झालेली आहे. आजवर कर्करोग संशोधनासाठी त्याच्या नावे ८५ कोटी डॉलरहून अधिक निधी उभा राहिला आहे.

२००५ मध्ये कॅनडाने त्याची धावती प्रतिमा एक डॉलरच्या नाण्यावर आणली. प्रत्येकाकडे एक डॉलर मागणाऱ्या टेरीच्या स्मृतीला याहून समर्पक मानवंदना सापडणे कठीण. २००७ मध्ये त्याच्या नावाची संशोधन संस्था स्थापन झाली. डिसेंबर २०२४ मध्ये कॅनडाच्या नव्या पाच डॉलरच्या नोटेसाठी त्याच्या चित्राची निवड जाहीर करण्यात आली. त्याच्या शाळेला त्याचे नाव आहे, ब्रिटिश कोलंबियातील एका पर्वतालाही आहे. थंडर बेजवळ, जेथे त्याचा प्रवास खंडित झाला, त्या परिसरात पश्चिमेकडे तोंड करून धावणारा त्याचा पुतळा उभा आहे.

आज मुंबईपासून लंडनपर्यंत अनेक शहरांच्या मॅरेथॉनमध्ये हजारो जण आपल्या धावण्याच्या निमित्ताने निधी जमवतात. कोणी कर्करुग्णांच्या उपचारांसाठी धावतो, कोणी अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची सेवा करणाऱ्या शुश्रूषागृहांसाठी. कित्येकांच्या मनात घरातील गेलेल्या माणसाची आठवण असते. टेरीला झालेल्या रोगावरील उपचारही आता फार बदलले आहेत. हाच ट्यूमर आज आढळला तर बहुतेक रुग्णांचा पाय कापावा लागत नाही. रोगग्रस्त हाड काढून पाय वाचवता येतो आणि वेळीच निदान झालेल्यांपैकी बरेच जण बरे होतात.

पंधरा आणि पन्नास या दोन आकड्यांमधील अंतर टेरीला रुग्णालयात उमगले होते. ते आणखी वाढावे यासाठी तो धावला. त्याच्या वाट्याचे अंतर अपुरे राहिले. दरवर्षी सप्टेंबरमध्ये त्याच्या नावाने जमणारी माणसे ते थोडेथोडे पुढे नेत असतात.